हातकागदाचे टॅग घरच्या घरी: कागद, छापे आणि शाई, पहिल्यापासून

राखी जवळ आली की आणि मग परत दिवाळीच्या आधी मला नात्यातल्या, ओळखीतल्या बायकांचे फोन सुरू होतात, ताई ते पिशवीला बांधायचे टॅग कसे करता तेवढं सांगा ना. आता हे फोनवर सांगून समजत नाही, कारण अर्धं काम हाताच्या अंदाजाचं आहे, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. मी वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, घरी कापूस, तूर, सोयाबीन आहे, आणि आमच्या बचत गटाच्या पापडाला, जवसाच्या चटणीला, तूरडाळीच्या पिशव्यांना जे टॅग लागतात ते सगळे आम्हीच करतो. संक्रांतीच्या वाणालाही करतो आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, पोट्ट्यांच्या लाकडी नंदीच्या गळ्यात बांधायलाही करतो. बाजारात तयार टॅग मिळतात, वाईट नसतात, पण हातकागदावर उमटलेल्या छाप्याला जी ऊब असते ती गुळगुळीत कार्डाला येत नाही हे माझं पक्कं मत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात बसवा, कागद पाणी पितो. सगळी गंमत आणि सगळा घोळ यातच आहे. कागद किती पितो हे बघूनच शाई निवडायची, नवीन माणूस नेमकं उलटं करतो, आधी छान छान शाया आणतो आणि मग कागदावर त्या पसरल्या की रडतो. माझंही तेच झालं होतं. चुलत दिराच्या लग्नात आहेराच्या पिशव्यांना लावायला दीडशे टॅग केले, कागद मस्त जमला होता, आणि त्याच्यावर ऑफिसातल्या शिक्क्याची जांभळी शाई वापरली. रात्री छापले तेव्हा ठीक दिसत होते, सकाळी बघते तर शुभविवाह मधल्या भ चं पोट भरून गेलेलं आणि प्रत्येक अक्षराला बारीक केस फुटलेले. दीडशेच्या दीडशे परत केले, दोन रात्री जागून. तेव्हापासून छापायच्या आधी तुकड्यावर चाचणी केल्याशिवाय मी एकही टॅग हातात घेत नाही.

आपल्या वर्ध्यात तर हातकागद नवीन नाहीच. गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं, गांधीजींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथेच राहून काम बघायचे, आणि तेलघाणी, गूळ, मधमाश्या यांच्यासोबत हातकागद हाही तिथला एक उद्योग होता. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही आहे, पोरांना घेऊन एकदा नक्की जा. म्हणजे जे काम आपण युट्यूबवर परदेशी बायकांचं बघून शिकतो ते आपल्या बसस्टँडपासून थोड्या अंतरावर नव्वद वर्षांपूर्वी चालू होतं.

काय काय लागतं

फार काही नाही. पोरांच्या मागच्या वर्षीच्या वह्या, एक जुना मिक्सर (चटणीचा नको, कागदाचा गर नंतर भांड्याच्या पात्याखाली बसून राहतो), एक मोठा पसरट टब किंवा घमेलं, सुती जुनी लुगडी किंवा धोतराचे तुकडे, स्पंज, आणि चौकट. चौकट म्हणजे फोटोच्या फ्रेमसारख्या दोन लाकडी फ्रेम एकाच मापाच्या, एकीला मच्छरजाळी ताणून बारीक खिळ्यांनी ठोकायची, दुसरी मोकळी ठेवायची. आतलं माप १५ बाय २० सेंटीमीटर ठेवलं तर एका कागदातून ५ बाय ९ चे सहा टॅग निघतात आणि कडेला थोडं उरतं. गावच्या सुताराने मला उरलेल्या सागाच्या पट्ट्यांतून करून दिली. एवढंही करायचं नसेल तर भरतकामाची गोल रिंग घ्या आणि कापडाच्या जागी मच्छरजाळी अडकवा, पहिल्या दिवशी शिकायला तेवढं पुरतं, गोल कागद निघतो आणि गोल टॅगही सुंदरच दिसतो.

वह्या घेताना चकचकीत कव्हर, प्लास्टिक चढवलेले कागद, पिना, गोंदाच्या पट्ट्या काढून टाका. वर्तमानपत्र एकट्याचं वापरू नका, राखाडी आणि लिबलिबीत कागद होतो, वहीच्या कागदात मूठभर मिसळलं तर चालतं.

गर आणि कागद

कागद बोटाच्या पेराएवढे तुकडे करून फाडा, कापू नका, फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि पुढे एकमेकांत चांगले गुंततात. रात्रभर भिजत ठेवा. पहिल्यांदा मी बादलीत वह्या भिजवल्या तेव्हा सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काऊन वं, पोट्ट्याच्या वह्या पाण्यात काऊन बुडवून रायली?" आता त्याच मला आठवण करून देतात की वह्या रद्दीवाल्याला देऊ नको.

सकाळी एक मूठ भिजलेला कागद आणि पाऊण भांडं पाणी असं मिक्सरमधून काढा, सलग नाही, थांबत थांबत, एकूण वीस-तीस सेकंद. पाणी कमी घातलं तर मोटर तापते. अक्षरं दिसेनाशी झाली की झालं, पण फार बारीक करू नका, तंतू फारच तुटले तर कागदाला ताकद राहत नाही आणि टॅग भोकापाशी फाटतो.

आमच्याकडे सगळे विचारतात की घरचा कापूस घालू का. तसाच घालू नका. कापसाचा तंतू लांब असतो, तो मिक्सरच्या पात्याला गुंडाळला जातो आणि पाण्यात त्याचे गोळे होतात. जुनी विटलेली सुती चिंधी घेतली तरी घरगुती मिक्सरच्या बसची ती गोष्ट नाही, कारखान्यात होजिअरीच्या कात्रणापासून करतात त्याला वेगळी मशीन लागते. घरी करायचं असेल तर सुती दोऱ्याचे किंवा वातीचे अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे कात्रीने कापून तयार गरात चिमूटभर टाका, कागदात ते बारीक पांढऱ्या रेघांसारखे दिसतात आणि हात फिरवला की जाणवतात. झेंडूच्या पाकळ्या, तुरीची टरफलं, कांद्याची सालं पण चालतात, पण थोडी. जास्त घातली की छापा त्याच्यावर नीट बसत नाही, उंचसखल होतं.

टबात चार-पाच इंच पाणी घ्या, गर टाका, हाताने हलवा. पातळ ताकाएवढं दिसलं पाहिजे. दाट झालं तर पुठ्ठा निघतो, फारच पातळ झालं तर जाळीवरून उचलताच येत नाही. जाळीची फ्रेम खाली, जाळी वरच्या बाजूला, तिच्यावर मोकळी फ्रेम, दोन्ही घट्ट धरून तिरपं आत घाला, तळाशी आडवं करा आणि सरळ वर उचला. पाणी निथळायला लागलं की लगेच, अगदी दोन-तीन सेकंदात, एकदा डावीकडे-उजवीकडे आणि एकदा पुढे-मागे हलकं हलवा, आपण सुपात दाणे पसरतो ना तेवढंच. त्याने तंतू दोन्ही दिशांनी विणले जातात. हे हलवणं विसरलात तर कागद एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. पाणी थांबल्यावर हलवू नका, तेव्हा हलवलं तर मध्ये भेग पडते. बिघडलं असं वाटलं तर जाळी पाण्यावर उलटी करून टेकवा, गर परत टबात, काही वाया जात नाही, पुन्हा उचला. पहिले आठ-दहा असेच परत जातात.

निथळलं की वरची फ्रेम काढा, जाळी ओल्या सुती कापडावर उलटी करा, मागून स्पंजने दाबून दाबून पाणी काढा आणि एका कडेने हळूच जाळी उचला, कागद कापडावर राहतो. त्याच्यावर दुसरं कापड, मग दुसरा कागद, अशी चवड लावा. वर पाट आणि पाटावर वरवंटा, पाण्याचा हंडा, काय असेल ते वजन, दोन-तीन तास. नंतर एकेक कापडासकट वाळत घाला.

आणि इथे विदर्भातल्या लोकांनी लक्ष द्या, उन्हात घालू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात कागद अर्ध्या तासात वाळतो पण पापडासारखा वळतो आणि मग सरळ होत नाही. सावलीत, वारा कमी असेल तिथे वाळवा. एक बाजू गुळगुळीत हवी असेल तर ओला कागद लोखंडी कपाटाच्या दारावर किंवा खिडकीच्या काचेवर चिकटवून वरून कापडाने दाबा, वाळला की कडेने आपोआप सुटतो. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, घाई करू नका, आत ओल राहिली तर बुरशीचे ठिपके येतात.

टबातलं उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, नाली तुंबते. कापडातून गाळा, गराचे गोळे पिळून वाळवून ठेवा, पुढच्या वेळी भिजवले की परत तयार, आणि पाणी झाडांना.

खळ, म्हणजे कागदाची तहान भागवणं

हीच पायरी लोक सोडतात आणि मग शाई पसरते. कच्चा हातकागद टीपकागदासारखा असतो. त्याला स्टार्चचा हात द्यावा लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया करतो तेव्हा गव्हाचा चीक असतोच, तोच मी दोन चमचे बाजूला काढते, एक लिटर पाण्यात कालवून गंजात (पातेल्यात) शिजवते, पारदर्शक होऊन पातळ पेजेसारखं झालं की उतरवून कोमट करते आणि गाळून घेते. चीक नसेल तर तांदळाची पेज किंवा कॉर्नफ्लोअर तसंच. चिमूटभर तुरटी घातली तर बरं. रुंद ब्रशने वाळलेल्या कागदाच्या दोन्ही बाजूंना लावा, चोळू नका, एका दिशेने ओढा, आणि परत सावलीत वाळवा.

त्याच्यानंतर घोटणं. जुन्या काळी पोथ्यांचे कागद गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत करायचे, लिहिताना बोरू अडकू नये म्हणून. माझ्याकडे वर्धा नदीतून आणलेला एक गोटा आहे, कबुतराच्या अंड्याएवढा, काळपट आणि एका बाजूने इतका नितळ की गालाला लावावासा वाटतो. कागद काचेवर ठेवायचा आणि तो गोटा छोट्या छोट्या गोलात फिरवायचा. पहिल्यांदा खरखर आवाज येतो, मग तो आवाज बारीक बारीक होत जातो, आणि एक वेळ अशी येते की आवाजच बंद होतो आणि हाताखाली कागद सरकायला लागतो, उजेडात तिरपा धरला तर तिथे मंद चमक दिसते. तिथे थांबायचं. सगळा कागद घोटायची गरज नाही, जिथे छापा येणार तेवढाच घोटला तरी चालतं, आणि बाकीचा खरबरीत राहिला तर उलट छान दिसतो. गोटा नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ.

खळ लावलेल्या कागदाला कसर लागते, स्टार्च तिला आवडतो, म्हणून साठवताना डब्यात कडुनिंबाची वाळलेली पानं टाका.

आता कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर खळेचा अजून एक हात हवा. थेंब थोडा वेळ फुगून उभा राहिला तर कागद तयार.

छापे

पहिल्या दिवशी भेंडी घ्या. जून भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार, कोरायचं काहीच नाही. बटाटा पण चालतो पण कापल्यावर तोंड कापडावर उपडं ठेवून अर्धा तास पाणी जाऊ द्या, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग फिका होतो आणि कडा वाहतात. भाजीचे छापे एका दिवसाचे, दुसऱ्या दिवशी सुरकुततात.

दसऱ्याला मी आपट्याची पानं वापरते. पान दोन दिवस वहीत दाबून सपाट करायचं, मागच्या बाजूला, जिथे शिरा उठलेल्या असतात तिथे स्पंजने रंग लावायचा, टॅगवर ठेवायचं, वर साधा कागद ठेवून अंगठ्याने देठापासून टोकाकडे दाबत जायचं. मुद्दाम देठ राहू द्या, उचलायला तेवढंच धरायला मिळतं. सोनं म्हणून आपट्याचं पान देतो त्याच्यासोबत त्याच पानाचा छापा असलेला टॅग, हे लोकांना फार आवडतं.

कायमचा छापा करायचा तर खोडरबर. मोठं पांढरं खोडरबर घ्या, नरम असतं ते. ट्रेसिंग पेपरवर किंवा बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, पेन्सिलीची बाजू रबरावर उपडी ठेवा आणि मागून नखाने चोळा, चित्र रबरावर उलटं उतरतं. उलटंच पाहिजे, म्हणजे कागदावर सुलटं येतं. अक्षरांच्या वेळी तर हे हजारदा तपासा, रबर आरशासमोर धरून आरशात नीट वाचता येतं का ते बघा. आपल्या देवनागरीत शिरोरेघ असते तिचा फायदा घ्या, अक्षरं तिला जोडलेली राहतात म्हणून तुटत नाहीत, फक्त वेलांटी आणि रफार सुटे राहिले तर ते शिरोरेघेला थोडे चिकटवूनच काढा.

कोरायला पेपर कटर किंवा लिनोची छोटी हत्यारं. पाते सरळ खाली घालू नका आणि रेघेच्या खाली तर मुळीच वळवू नका, बाहेरच्या बाजूला उतार देत कापा, शेताच्या धुऱ्यासारखी, म्हणजे बांधासारखी, रेघ वर अरुंद आणि खाली रुंद राहिली पाहिजे. रेघेखालचं रबर पोकळ झालं तर दहा-बारा छापांत रेघ मोडते. हात कधी पात्याच्या समोर ठेवू नका, वळण असेल तर पातं नाही, रबर फिरवा.

मोठा छापा हवा असेल तर जुनी रबरी चप्पल. सोल घासून सपाट असेल तो तुकडा धुवून घ्या, कटरने आकार कापा, लाकडी ठोकळ्यावर चिकटवा. चपलेचं म्हटल्यावर काही जणांना देवाच्या वस्तूवर वापरायला बरं वाटत नाही, तेही बरोबरच आहे, मग पॅकिंगचा फोम घ्या. माझ्याकडे फुटलेल्या बोंडाचा छापा सोलवरच केलेला आहे, चार पाकळ्यांत कापूस आणि खाली वाळलेली नखं, आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक काडी. डाळीच्या पिशव्यांना संत्र्याची फोड, नाहीतर तुरीची शेंग. आपल्या मालावर आपल्या मातीतलं चित्र असू द्या, सगळीकडे तीच ती गुलाबाची फुलं कशाला.

शाई

नवीन माणसाने कापडावरचे ॲक्रेलिक रंग घ्यावेत, स्टेशनरीच्या दुकानात छोट्या बाटल्या मिळतात. ते कागदात फार शिरत नाहीत, वर बसतात, वाळल्यावर पाणी लागलं तरी जात नाहीत. डब्याच्या झाकणात पातळ स्पंज ठेवा, त्याच्यावर रंगाचे चार-पाच थेंब आणि पाण्याचा एक, चमच्याने पसरवा, झाला स्टँप पॅड. एकच काळजी, छापा झाला की लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि टूथब्रशने धुवा, रंग रेघांत वाळला तर छापा बुजून जातो.

स्टँप पॅडच्या तयार शाया दोन जातीच्या. एक डाय शाई, पाण्यासारखी, झटकन वाळते, पण कागदाच्या आत शिरते आणि पसरते, पाणी लागलं की बऱ्याच वेळा वाहते. दुसरी पिगमेंट शाई, घट्ट असते, वर बसते, रेघ स्वच्छ येते पण वाळायला वेळ लागतो, हात लागला तर पुसली जाते. हातकागदाला पिगमेंट बरी. डाय शाई मी फक्त मागची छटा द्यायला वापरते, तिथे पसरली तर चांगलंच.

घरच्या शाया करायच्या असतील तर तीन सांगते. हळद पाण्यात उकळून तुरटी घालून गाळली की पिवळा, त्यात खायच्या चुन्याचं वरचं निवळ थोडं टाकलं की डोळ्यासमोर लाल होते, कुंकू असंच होतं ना. वाळल्यावर ती थोडी विटकरी दिसते. पळसाची फुलं फाल्गुनात गोळा करून वाळवून ठेवा, उकळली की केशरी-पिवळं पाणी येतं. तिसरी काळी, काचेच्या बरणीत गंजलेले खिळे आणि व्हिनेगर आठवडाभर ठेवायचं, झाकण घट्ट लावू नका कारण आत गॅस तयार होतो, आणि वेगळं बाभळीच्या शेंगा ठेचून उकळून त्याचं पाणी. दोन्ही एकत्र केलं की शेंगेतलं तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून काळी-निळसर शाई होते, कागदावर लावल्यावर हवेत अजून गडद होते. या सगळ्या पाण्यासारख्या असतात, म्हणून बाभळीचा डिंक भिजवून घालायचा, मधाएवढं दाट झालं की छाप्याला धरते. पण हळद उन्हात उडते, दुकानाच्या दर्शनी भागात ठेवायच्या मालाला लावू नका, आणि लोखंडाची शाई आंबट असते, वर्षानुवर्षं कागद खाते, टॅगला चालेल, जपून ठेवायच्या पत्राला नको. चुना आणि खिळ्यांचं काम पोरांच्या हातात देऊ नका.

छापणं

आधी मागची छटा. स्पंजवर फिका रंग घ्या, रद्दी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि टॅगच्या कडेकडून मध्ये गोल गोल फिरवा. फिका आधी, गडद नंतर, उलटं केलं तर चिखल होतो. रांगोळीचे जाळीचे छापे असतात ना घरात, ते टॅगवर ठेवून त्याच्यावरून स्पंज थोपटा, स्टेन्सिलचं काम फुकटात होतं. जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन अंगठ्याने झटकला की बारीक शिंतोडे येतात. मग हे पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे हाताच्या पाठीला गार लागत नाही तोपर्यंत.

आता मुख्य छापा. सगळे जण छापा पॅडवर दाबतात, तसं नाही, पॅडवर हलकं थोपटायचं, टप टप टप, पाच-सहा वेळा, छाप्याला फिरवून फिरवून. उजेडात तिरपा धरून बघा, रंगाचा पातळ ओला थर सगळीकडे सारखा चमकला पाहिजे, खाचेत रंग साचला असेल तर फडक्याच्या टोकाने टिपा. टॅगखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा, हातकागद उंचसखल असतो, खाली मऊ असलं की छापा सगळीकडे टेकतो. छापा सरळ वरून ठेवा, एकदा ठेवला की हलवायचा नाही, तळहाताने मध्यभागी दाबा, मग बोटांनी चारी कोपरे, मनात तीन मोजा. डुलवू नका, डुलवला की कडेला दुहेरी रेघ येते. एका हाताने टॅग धरून दुसऱ्या हाताने सरळ वर उचला. उचलताना कागद किंचित चिकटून मग सुटल्याचा बारीक आवाज आला की समजा रंग बरोबर लागला होता. आवाज न येता सुटला तर रंग कमी, आणि ओढावं लागलं तर जास्त.

पहिला छापा नेहमी रद्दीवर. मध्ये कुठे रंग उतरला नसेल तर परत छापा ठेवायचा मोह आवरा, बारीक ब्रशने तेवढा ठिपका भरा, किंवा तसाच राहू द्या, हातकामात तेवढं असतंच.

कापणं, भोक, दोरा

कात्रीने कापलं तर धार सरळ येते आणि हातकागदाचं रूपच जातं. पट्टी ठेवा, तिच्या कडेने ओला ब्रश दोनदा ओढा, अर्धा मिनिट थांबा आणि पट्टीला धरून फाडा, मऊ तंतूंची किनार निघते. हे छापायच्या आधीच करून घ्या, नंतर पाणी लागलं तर रंगाची वाट. कोपरे वरचे दोन कापायचे असतील तर कात्रीच बरी.

भोक कडेपासून एक सेंटीमीटर आत, पंचिंग मशीनने. जड पिशवीला बांधायचा टॅग असेल तर भोकाभोवती जाड कागदाचा छोटा गोल दोन्ही बाजूंनी चिकटवून मग एकदमच भोक पाडा. दोरा सुती घ्या. आम्ही लांब वाती वळतो तशाच दोन पदरी वळून त्याला हळदीच्या पाण्यात बुडवतो. नायलॉनचा चमकदार दोरा या कागदावर उपरा दिसतो.

चटणी, लोणचं, पापड असल्या तेलकट मालाला टॅग लावणार असाल तर तेलाचा डाग पडून कागद पारदर्शक होतो, हा अनुभव मला एका प्रदर्शनात आला, संध्याकाळपर्यंत अर्धे टॅग डागाळले होते. आता मी टॅगच्या मागच्या बाजूला मेणबत्ती घासते, मग वर साधा कागद ठेवून कोमट इस्त्री एकदा फिरवते, मेण आत जिरतं. किंमत, तारीख, वजन हे सगळं मेणाच्या आधी लिहून घ्या, नंतर पेन चालत नाही.

एका दिवसात सगळं करायला जाऊ नका. आमचं असं असतं, उन्हाळ्यात वाळवणाच्या दिवसांत कागद करून खळ लावून ठेवतो, पाणी असेल तसं. पावसाळ्यात दुपारी छापे कोरतो. छापणं मात्र ज्या दिवशी हवा कोरडी असेल त्याच दिवशी, पाऊस पडत असताना ॲक्रेलिकसुद्धा चिकट राहतं आणि टॅग एकमेकांवर ठेवले की पाठीला रंग लागतो. छापलेले टॅग रात्रभर दोरीवर चिमट्याने टांगा, दुसऱ्या दिवशी जाड पुस्तकाखाली ठेवा.

तान्ह्या पोळ्याच्या टॅगचं तेवढं वेगळं आहे. लाकडी नंदी रंगवलेला असतो, त्याच्यावर बेगड असते, टॅग मोठा झाला तर बैलच दिसत नाही, म्हणून ३ बाय ४ सेंटीमीटरच करा, भेंडीचं एकच फूल मध्ये आणि मागे पोराचं नाव, कारण मिरवणुकीत सगळ्यांचे नंदी सारखेच दिसतात आणि मग कोणाचा कोणता यावरून भांडणं होतात. दोरा गळ्यात दोन वेढे देऊन गाठ पाठीवर घ्या, पुढे घेतली तर चालताना टॅग चाकात अडकतो, आणि गाठ मारायच्या आधी दोरा थोडा ओला करा, वाळला की ती घट्ट बसते.